वनिता अक्कांची चाल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी वनिता बोरसे हे नाव सांगतो. समोरचा माणूस विचारात पडतो. एकाने विचारलं होतं, ‘‘त्या कीर्तनकार का?’’ दुसऱ्याला ते एखाद्या आमदारीणबाईंचं नाव वाटलं आणि तो लगेच खुर्ची पुढे ओढून बसला. त्या खेळाडू होत्या म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, खेळ कोणता? चालण्याचा, असं मी सांगतो. इथे बहुतेकांना हसू आवरत नाही. आमच्या एका व्याह्यांनी तर सांगून टाकलं, की चालणं हा खेळ असेल तर त्यांच्या सौभाग्यवतींना सरकारने आजवर चार पदकं द्यायला हवी होती, त्या रोज भाजीबाजारात पायी जातात. मी त्यांना दुजोरा दिला. व्याह्यांशी वाद घालू नये.

तर आधी माझी माय गेली, आणि मग मला वनिता अक्का भेटल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

आम्ही आसोद्याचे. घरात नाना, माय आणि मी. केळीचा थोडा बाग होता आणि तो घराला इतका लागून होता, की वारा सुटला की फाटक्या पानांची सळसळ थेट स्वयंपाकघरात यायची. त्या सळसळीवर मायच्या भाकरीची थापथाप. या दोन आवाजांत मी बारावीपर्यंत आलो, आणि बारावीपर्यंत आलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच असल्यामुळे गावात मला वकील म्हणत. मायला आजार झाला तेव्हा या वकिलाला त्या आजाराचं नावही कुणी सांगितलं नाही. आमच्या गावात कॅन्सर हा शब्द उच्चारायचा नसे. उच्चारला तर तो ऐकून उंबऱ्यातून आत येईल, अशी काहीशी समजूत असावी. पुरुष माणसं ‘तो मोठा आजार’ म्हणत आणि बायका आवाज खाली आणून ‘गाठ’ म्हणत. मायने ती गाठ वर्षभर कुणाला दाखवली नाही. दाखवली असती तरी कुणाला दाखवली असती? नानांना ती कामाशिवाय हाक मारत नसे. शेवटी मामा आले आणि तिला धुळ्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

मामा धुळ्याच्या एसटी डेपोत फिटर होते. त्यामुळे आमच्या दोन घरांत टेलिफोनची फुकट सोय होती. मामांनी ड्रायव्हरच्या कानात निरोप घालायचा, ड्रायव्हरने तो जळगाव स्टँडवरच्या चहावाल्याकडे उतरवायचा, आणि चहावाल्याने आमच्या गावच्या दूधवाल्याच्या सायकलवर चढवायचा. निरोप पोचायचाच. फक्त पोचेपर्यंत त्याचं थोडंफार वजन कमी व्हायचं, इतकंच.

माझी परीक्षा तोंडावर आली होती. मामांनी निरोप धाडला तो असा, ‘‘मेव्हण्यांना म्हणावं, ताईची गाठ घेऊन जा, उशीर करू नका.’’ म्हणजे येऊन भेटून जा, वेळ थोडा आहे. ड्रायव्हरने चहावाल्याला सांगितलं, ताईची गाठ घ्यायची आहे. चहावाला समजूतदार माणूस. ताई दवाखान्यात आहे हे त्याला माहीत होतं, आणि दवाखान्यात गाठ घेतात ती कापूनच, हेही. दूधवाला आमच्या दारात सायकलवरून उतरला तोच ओरडत, ‘‘नाना, बरं झालं बाप्पा! मायची गाठ काढून घेतली म्हने धुयाले!’’

नाना ओट्यावरच खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं. त्या दिवशी बागेत केळीची कापणी चालू होती, ट्रक येऊन उभा होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. नाना म्हणाले, आता घाई नाही, माल भरून देऊ आणि रविवारी दोघं जाऊ, मायला बरी झालेलीच पाहू. शेजारच्या काकूंनी आनंदाने शेवभाजी केली. तिखट, तेलाचा तवंग आलेली, लाल. मायच्या आजारपणात घरात दोन माणसं पोटभर जेवली नव्हती. आम्ही त्या रात्री दोन वेळचं एकदम जेवलो. मी तर कढई पुसून खाल्ली.

माय त्याच रात्री गेली. मराठीत ‘गाठ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे व्याकरण मला शाळेत कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

त्यानंतर भेटीला येणारे सुरू झाले. कुणाच्या दुःखात कसं बोलावं याची आमच्याकडे रीत आहे, आणि रीत असली की विचार करावा लागत नाही. येणारा माणूस आधी टोपी मांडीवर ठेवी, मोठा श्वास सोडी आणि म्हणे, ‘‘चालायचंच.’’ मग पाणी पिई, बागेची चौकशी करी, केळीला भाव काय लागला विचारी, आणि उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून पुन्हा म्हणे, ‘‘चालायचंच रे, वकील.’’ तेराव्याला वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी होती. एका दूरच्या आत्याबाईंनी रडता रडता मध्येच पदराने डोळे पुसून विचारलं, ‘‘भाजी कोनी घोटली? तूप कमी पडलं.’’ मग राहिलेलं रडून घेतलं. मी कुणावर रागावलो नव्हतो. आज मीही कुणाच्या दारी जातो तेव्हा टोपी नसल्यामुळे चष्मा काढून मांडीवर ठेवतो आणि तेच म्हणतो. दुसरं काय म्हणायचं, हे अजून कुणी शोधून काढलेलं नाही.

परीक्षेला मी गेलो. नानांनी सायकलवर डबल सीट बसवून जळगावला नेलं. पहिल्या पेपरला मी वर्गात बसलो, नंबर टाकला, प्रश्नपत्रिका हातात घेतली. ‘खालीलपैकी कोणत्याही दोन’ इथपर्यंत वाचलं आणि उठून बाहेर आलो. नाना फाटकाजवळच्या लिंबाखाली थांबले होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘लवकर संपला?’’ मी हो म्हणालो. बाकीच्या पेपरांना मी गेलोच नाही. नानांचे थोरले भाऊ, आमचे काका, म्हणाले, बरं झालं, ट्रकवर घड चढवायला माणूस हवाच आहे. नाना कधी काकांपुढे बोलत नसत. त्या दिवशी बोलले. ‘‘त्याच्या मायनं त्याले शिकवाचं ठरवलं होतं. आक्टोबरात बसीन तो.’’ आणि मला मामांकडे धुळ्याला धाडून दिलं. हवापालट म्हणून. मे महिन्यात धुळ्याची हवा कशी असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना नानांचा हेतू वेगळाच वाटेल.

मामांचं घर देवपुरात, दोन खोल्यांचं. मामा ड्यूटीवरून आले की अंगाला डिझेलचा वास आणि बोलण्यात फक्त गाड्यांचे नंबर. मामी प्रेमळ होत्या, पण त्यांचं प्रेम जेवण वाढण्याच्या स्वरूपाचं होतं आणि माझं जेवण बंद पडलं होतं. शेवभाजीचा वास आला की मी उठून दारात जाऊन उभा राहायचो. अभ्यासाला बसायचो, म्हणजे पुस्तक उघडून त्यावर हनुवटी टेकवायचो. ऑक्टोबरात आपण बसणार नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त ते नानांना सांगायला तोंड नव्हतं. मामींनी मला दूध आणायचं काम लावून दिलं. गवळी नकाणे तलावाच्या रस्त्याला राहायचा. उजाडता उजाडता बरणी घेऊन जायचं आणि ऊन चढायच्या आत यायचं.

तिथे मी वनिता अक्कांना पहिल्यांदा पाहिलं. आधी वाटलं, या बाईंना काहीतरी चावलं आहे. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायांत कापडी बूट, कोपरं काटकोनात वाकवलेली, आणि कंबर अशी डावी-उजवीकडे जात होती, की तसं चालताना आमच्या गावात कुणी पाहिलं असतं तर आधी भगताला बोलावलं असतं. पण काय वेग! बघता बघता मागून येऊन पुढे निघून गेल्या. माझ्या पायाला काय झालं कोण जाणे, मीही त्यांच्यामागे जोरात निघालो. मग पळायलाच लागलो. बरणीचं झाकण उडालं, दूध शर्टावर. तेव्हा त्यांनी न थांबता, मान थोडी वळवून म्हटलं, ‘‘पयू नको रे भाऊ. पयनं कोनलेबी येस!’’ पळणं कुणालाही येतं. हे अहिराणीतलं वाक्य आहे, आणि माझ्यासाठी कुणी काढलेलं पहिलं वाक्य ज्यात ‘चालायचंच’ नव्हतं. खरं तर अर्थ जवळपास तोच होता. पण तो शब्द अक्षरशः घेणारं माणूस मला खान्देशात तेवढं एकच भेटलं.

त्या दिवशी मामींना मी सांगितलं, गाईने लाथ मारली. मामींनी विश्वास ठेवला नाही आणि चहा कोरा दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी लवकर निघायला लागलो. अक्का टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. शिंदखेड्याकडच्या. लग्न झालेलं नव्हतं, आणि गल्लीच्या मते याला कारण त्यांची चाल हेच होतं. खात्याच्या स्पर्धेत त्या चालायच्या, आणि गणपतीनंतर धुळ्यात मोठी विभागीय स्पर्धा होणार होती, तिथून पुढे राज्यपातळीवर जायला मिळणार होतं. त्यांनी मला नियम समजावून सांगितला. चालताना एक पाय जमिनीला टेकलेला हवाच. दोन्ही एका वेळी सुटले की ते पळणं झालं, आणि पळणाऱ्याला बाहेर काढतात. ‘‘मग हळू चालायचं,’’ मी शहाणपणा केला. त्या म्हणाल्या, ‘‘हळू चालीसन पहिला नंबर येस का रे, वकील?’’ माझं हे नाव मी त्यांना सांगून बसलो होतो.

रस्त्यावर एक पानाची टपरी होती. तिथे सकाळपासून चार-सहा तरुण बसलेले असायचे, देशाची काळजी करत. अक्का दिसल्या की त्यांतला एक उठून कमरेवर हात ठेवून तशीच चाल करून दाखवायचा आणि बाकीचे शिट्ट्या मारायचे. अक्का त्यांच्याकडे पाहतसुद्धा नसत. मला राग यायचा. मी एकदा म्हणालो, ‘‘अक्का, तुम्ही काही बोलत का नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बोलनू ते श्वास तुटस.’’ आता मी म्हातारा झालो आहे आणि रोज सकाळी मोबाईलवर मला गुलाबाच्या फुलासह प्रेरणा येते. उगवत्या सूर्यासमोर हात पसरून उभ्या माणसाची चित्रं येतात. त्यांतलं एकही वाक्य ‘बोललं तर श्वास तुटतो’ इतकं खरं नसतं, पण त्यावर फूल नसल्यामुळे ते कुणी पुढे पाठवणार नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी मैदानावर गेलो. गर्दी झाली होती. लोक धावण्याच्या शर्यती पाहायला आले होते आणि चालण्याची शर्यत त्यांना मध्ये फुकट मिळाली होती, विनोदी नाटकासारखी. बायका चालायला लागल्या आणि मैदान हसायला लागलं. लहान पोरं दोरीबाहेर बाजूबाजूने कंबर हलवत निघाली. अक्का पहिल्या वळणापासून पुढे होत्या. हळूहळू अंतर वाढत गेलं. हसणारे थकले, पण अक्का थकल्या नाहीत. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा माझ्या आजूबाजूचे काही लोक टाळ्या वाजवायला लागले होते. आणि तेवढ्यात एक पंच पुढे आले आणि त्यांनी अक्कांच्या तोंडासमोर लाल पाटी धरली. बाहेर. अक्का थांबल्या, बाजूला झाल्या, आणि कमरेची ओढणी सोडून तोंड पुसलं. दुसरी बाई पहिली आली. टाळ्या अक्कांना बाहेर काढलं त्यालाच जास्त पडल्या.

मी दोरी ओलांडून पंचांकडे गेलो. काय बोललो ते आठवत नाही, पण त्यात ‘अन्याय’ आणि ‘कोर्ट’ हे दोन शब्द होते, कारण वकील म्हणवून घ्यायची सवय. पंच म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मला शांतपणे विचारलं, ‘‘आपण त्यांचे कोण?’’ मी पुन्हा ‘अन्याय’पासून सुरुवात केली. तेवढ्यात मागून अक्कांनी माझ्या शर्टाची कॉलर धरली आणि मला बाजूला ओढलं.

‘‘पाय उचलायना मना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माले माहीत शे.’’ माझा पाय उचलला गेला, मला माहीत आहे.

‘‘पण एका पावलासाठी?’’

‘‘एकच लागस.’’

मैदानाच्या कडेला लिंबाचं झाड होतं. तिथे बसून त्यांनी डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. माझी अपेक्षा होती की बाई रडेल. निदान डबा तरी बंद ठेवेल. माणसाने हरल्यावर कसं वागावं याचीही आमच्याकडे रीत आहे. पण अक्कांनी कांदा बुक्कीने फोडला, भाकरी अर्धी करून माझ्यापुढे धरली, आणि जेवायला लागल्या. मला ते सहनच झालं नाही. ज्या बाईचं राज्यावर जाणं एका पावलात गेलं, ती कांदा कसा खाऊ शकते? मी भाकरी घेतली नाही. मी रागाने त्यांना सगळं सांगितलं. मायचा आजार, ड्रायव्हर, चहावाला, दूधवाला. गाठ घ्या याचं गाठ काढली कसं झालं. कॅन्सर हा शब्दही माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाला, कारण रागात माणूस उंबऱ्याचा विचार करत नाही. आणि शेवटी सांगितलं, की माय तिकडे मरत होती आणि मी इकडे काकूंनी केलेली शेवभाजी कढई पुसून खाल्ली.

अक्कांनी तोंडातला घास गिळला.

‘‘चांगली व्हती का?’’

‘‘काय?’’

‘‘भाजी.’’

मला वाटलं, या बाईला मन नाही. पण खोटं बोलता येईना. ‘‘चांगली होती,’’ मी म्हणालो.

‘‘पोटभर खादी?’’

‘‘हो.’’

‘‘मंग मायले आखो काय पाहिजे? पोऱ्या जेवना.’’

एवढं म्हणून त्यांनी ती अर्धी भाकरी पुन्हा माझ्यापुढे धरली, ठेच्यासकट. पोरगा जेवला, मग आईला आणखी काय हवं. इतके लोक आमच्या ओट्यावर टोपी मांडीवर ठेवून बसून गेले, पण हे कुणाला सुचलं नव्हतं. ठेचा फार तिखट होता. माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून जे पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि मी ते सगळं ठेच्यावर ढकललं. अक्कांनीही ते ठेच्यावरच जाऊ दिलं. ‘‘सकायले येजो,’’ उठताना त्या म्हणाल्या. सकाळी ये.

सकाळी मी गेलो तो या खात्रीने, की त्या येणार नाहीत. मैदानभर हसं झाल्यावर कोण येईल? त्या आल्या. तीच ओढणी, तेच बूट. टपरीवरच्या मंडळींना बातमी कळली होती, आणि त्यांनी रात्रभर विचार करून वाक्य तयार ठेवलं होतं. ‘‘मॅडम, आज दोन्ही पाय जमिनवर शेतस ना?’’

त्या दिवशी पहिल्यांदा अक्का बोलल्या. श्वास तुटला तर तुटला. ‘‘मना शेतस. तुना बाकडावरथीन कव्हय उतरतीन?’’ माझे आहेत, तुझे बाकावरून कधी उतरणार?

टपरीवाला स्वतःच इतका हसला की त्याच्या हातातली चुन्याची डबी पडली. अक्का तोवर पुढे निघून गेल्या होत्या. मी बरणी घट्ट धरून त्यांच्यामागे निघालो, आणि पळालो नाही.

यापुढे खरं तर मी असं लिहायला हवं, की त्या दिवसापासून माझं जीवन बदललं आणि पुढच्या वर्षी अक्कांनी सोन्याचं पदक मिळवलं. शाळांच्या समारंभात मला बोलावतात तेव्हा मुख्याध्यापकांची तीच अपेक्षा असते. अक्कांना पुढे खात्याच्या स्पर्धेत एकदा तिसरा नंबर मिळाला, आणि त्याबद्दल मिळालेली डबी पदकापेक्षा मोठी होती. मी त्या सकाळी घरी जाऊन मामींना शेवभाजी करायला सांगितली. त्या दचकल्याच, पण केली. जेवून पुस्तक उघडलं. ‘खालीलपैकी कोणत्याही दोन’ याच्या पुढेही प्रश्न असतात, हे मला तेव्हा कळलं. ऑक्टोबरात नाना पुन्हा फाटकाजवळच्या लिंबाखाली थांबले होते. मी शेवटची घंटा होईपर्यंत आत बसलो. बाहेर आलो तेव्हा नानांनी विचारलं, ‘‘इतका वेळ?’’ आणि सायकलचं स्टँड काढता काढता तोंड दुसरीकडे फिरवलं.

निकाल लागल्यावर मी आसोद्याहून अक्कांना पत्र घातलं. एसटीवर पाठवलं नाही, पोस्टात टाकलं. त्याची नक्कल ठेवायची अक्कल तेव्हा मला नव्हती, पण ते मला पाठ आहे.

ति. वनिता अक्कांस,

सा. न. वि. वि.

मी पास झालो. नानांनी गुणपत्रिका गावभर फिरवली, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही दाखवली. इंग्रजीत काठावर सुटलो आहे, पण दाखवताना नाना ती ओळ अंगठ्याने झाकतात. कॉलेजात नाव घालायचं ठरलं आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मराठीच्या पेपरात ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध होता. तुमच्यावरच लिहावा असं मनात आलं. पण तपासणाऱ्यांना तुमचं नाव माहीत नसणार, आणि चालणं हा खेळ आहे हे त्यांना पटवण्यातच वेळ संपला असता. म्हणून सगळ्यांसारखा मीही एका क्रिकेटवाल्यावर लिहिला. मार्क चांगले पडले. ते पडल्यापासून जिवाला चैन नाही. म्हणून काल तुमच्यावरचा निबंध लिहायला बसलो. दोन ओळींच्या पुढे गेला नाही. त्या जशाच्या तशा पाठवतो, शुद्धलेखन तपासू नये.

‘वनिता अक्का चालतात तेव्हा लोक हसतात. माझी माय असती तर तीसुद्धा तोंडाला पदर लावून पोट दुखेपर्यंत हसली असती, आणि मग अक्कांचा हात धरून त्यांना घरात नेऊन म्हणाली असती, पोरी, इतकी चाललीस, आता जेवल्याबिगर जाऊ नको.’

तुमचा,
प्रभाकर